सुपा कशासाठी बुडालं? काळी नदीवरच्या विजेचा हिशोब

जुन्या सुप्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सुपा धरणाच्या पायथ्याशी जे वीजघर आहे त्याची क्षमता किती? उत्तर आहे १०० मेगावॅट. प्रत्येकी ५० मेगावॅटची दोन यंत्रं. मग विचारणारा थोडा थांबतो आणि म्हणतो, एवढ्यासाठी अख्खं तालुक्याचं गाव बुडवलं?

रामनगरला हा प्रश्न मी बऱ्याच वेळा ऐकला आहे. बेळगावहून अनमोड घाटाने गोव्याला जाणाऱ्यांना लोंढ्याच्या पुढचं हे गाव माहीत असतं. चहाला गाडी थांबते तिथं. पण धरणात गेलेल्या सुप्याच्या लोकांना वसवण्यासाठी हे गाव उभं राहिलं, हे आता तिथं थांबणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. सुपा गेलं तसं तालुक्याचं ठाणंही जोयड्याला गेलं, आणि तालुक्याचं नावही कागदावर जोयडा झालं.

गावावर काय ओढवलं ते लोक सांगतात, सांगायलाही हवं. पण ते *का* झालं, याचा वीजमंडळाच्या बाजूचा हिशोब मराठीत मांडलेला माझ्या वाचनात आला नाही. तो समजल्याशिवाय वरच्या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नाही. म्हणून हा लेख. मी इंजिनिअर नाही. इथली आकडेमोड शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकीच आहे, आणि ती मुद्दाम ढोबळ ठेवली आहे.

काळी आणि पांढरी

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि साधारण १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंतचा तिचा प्रवास उत्तर कन्नड जिल्ह्यातच होतो. पांढरी ही तिची उपनदी. काळी आणि पांढरी यांचा संगम जिथं होतो तिथं जुनं सुपा होतं.

हा मुलूख १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा इथं कानावर पडतात. गोव्याची रेल्वे ज्या कॅसलरॉकला घाट चढून वर येते ते स्टेशन याच तालुक्यातलं, आणि उळवीची जत्राही याच तालुक्यातली. म्हणजे जंगलानं वेढलेला असला तरी हा भाग जगापासून तुटलेला नव्हता. घाटावरून खाली उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी तो होता.

मागणी कुठून वाढली

म्हैसूर संस्थानात वीज लवकर आली. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् इथलं वीजघर १९०२ साली सुरू झालं आणि तिथून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज दिली गेली. १९४८ मध्ये जोग धबधब्याशी शरावतीवर दुसरं मोठं वीजघर आलं, १२० मेगावॅटचं. हे सगळं जुन्या म्हैसूरचं.

१९५६ नंतर चित्र बदललं. बेळगाव, धारवाड, विजापूर, उत्तर कन्नड आणि हैदराबाद संस्थानातले जिल्हे मिळून मोठं राज्य झालं. १९५७ साली म्हैसूर राज्य वीजमंडळ स्थापन झालं. आता बंगळूरचे सरकारी कारखाने, गावोगावचे विहिरींवरचे पंप, नवी शहरं, सगळ्यांना वीज हवी होती.

या मागणीत आपलं बेळगावही होतं, हे आपण विसरतो. १९७० च्या आसपास इंडाल कंपनीचा अॅल्युमिनियमचा कारखाना इथं सुरू झाला. एक टन अॅल्युमिनियम काढायला ढोबळमानाने पंधरा हजार युनिट वीज लागते. साधं कुटुंब तेवढ्यात काही वर्षं काढील. पुढे इथलं धातू काढण्याचं काम बंद पडलं, आज त्या जागी अॅल्युमिना तयार होतो. पण कारखाना उभा राहताना त्याची भूक केवढी होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. 'बंगळूरसाठी सुपा बुडवलं' असं म्हणणं सोपं आहे. खरी यादी त्यापेक्षा लांब आहे आणि त्या यादीत आपलीही नावं आहेत.

वाढती मागणी भागवायला शरावतीची मोठी योजना आली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७७ पर्यंत तिथं एकामागून एक दहा यंत्रं बसली, एकूण ८९१ मेगावॅटची. तेव्हाच्या मानाने ही प्रचंड झेप होती. पण तिच्यात एक धोका होता. राज्यात कोळशाची खाण नाही. राज्याचं पहिलं कोळशावरचं मोठं वीजघर रायचूरला, आणि त्याचं पहिलं यंत्र सुरू झालं १९८५ साली. तोवर राज्याची स्वतःची वीज म्हणजे जवळजवळ सगळी पाण्याची, आणि त्यातलाही मोठा वाटा एकट्या शरावतीचा. शरावतीच्या खोऱ्यात पाऊस कमी पडला की अख्ख्या राज्यात वीजकपात. सत्तरच्या दशकातल्या त्या कपाती आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतात.

२० जुलै १९७० ला वीजनिर्मितीसाठी वेगळं महामंडळ निघालं. म्हैसूर पॉवर कॉर्पोरेशन, पुढे राज्याच्या नावाबरोबर ते कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन झालं. वाटप मंडळाकडे, नवी वीज उभी करणं महामंडळाकडे. या नव्या महामंडळाने ज्या मोठ्या कामांना हात घातला त्यात काळी नदी होती.

काळीच का? पाऊस भरपूर, उतार जबरदस्त, आणि दुसऱ्या राज्याशी भांडण नाही. कृष्णेच्या पाण्यासाठी तेव्हा लवाद बसला होता. काळी मात्र एकाच राज्यात उगम पावून त्याच राज्यात समुद्राला मिळते.

चार पायऱ्या

आता हिशोबाकडे येऊ. काळीवरची योजना म्हणजे पाण्याचा जिना आहे. धरणं पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती असते ते पाहा:

सुपा – ५६४ मीटर
बोम्मनहळ्ळी – सुमारे ४३८ मीटर
कोडसळ्ळी – ७५.५ मीटर
कद्रा – ३४.५ मीटर

सगळ्यात उंच पायरी कुठली, ते सहज दिसतं. बोम्मनहळ्ळी आणि कोडसळ्ळी यांच्यात तब्बल ३६० मीटरचा फरक आहे. घाट तिथंच तुटतो. बोम्मनहळ्ळीच्या तलावातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून नेतात आणि पोलादी नळांतून खाली नागझरीच्या वीजघरात सोडतात. नागझरीला सहा यंत्रं आहेत. सुरुवातीला प्रत्येकी १३५ मेगावॅटची होती, नंतर क्षमता वाढवली. आज सगळी मिळून नऊशे मेगावॅटच्या जवळ जातात. खालच्या कोडसळ्ळीत १२० आणि कद्र्यात १५० मेगावॅट, ही दोन्ही वीजघरं १९९० च्या दशकाच्या शेवटी आली.

म्हणजे काळीची खरी वीज नागझरीला होते. सुप्याचे १०० मेगावॅट ही वाटेत मिळालेली वरकड.

मग सुप्याला एवढं मोठं धरण कशाला? सुपा धरण १०१ मीटर उंच आहे आणि त्याच्या जलाशयात १४७ टीएमसी पाणी मावतं. तुलनेसाठी सांगतो, आपल्या कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, साठा १०५ टीएमसी. म्हणजे सुप्याचं पाणी कोयनेपेक्षा जवळजवळ दीडपट आहे. कोयनेचं नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक, सुप्याचं मात्र शेजारी राहून ठाऊक नाही.

पावसाचं पाणी उन्हाळ्यात

उत्तर पावसात आहे. काळीच्या खोऱ्यात पाऊस पडतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर. चार महिने नदी दुथडी भरून वाहते, मग उतरत जाते, आणि एप्रिल-मेमध्ये खडक उघडे पडतात. विजेची मागणी मात्र असं वेळापत्रक पाळत नाही. उलट पंप चालतात ते कोरड्या दिवसांत, आणि पंखेही तेव्हाच.

बोम्मनहळ्ळीचा तलाव लहान आहे. नागझरीची सगळी यंत्रं पूर्ण ताकदीने चालवली तर त्यातलं पाणी काही दिवसांतच संपेल. म्हणजे एकटं बोम्मनहळ्ळी असतं तर नागझरी पावसाळ्यात धो धो चाललं असतं आणि मार्चमध्ये बंद पडलं असतं. नऊशे मेगावॅटची यंत्रं वर्षातला मोठा काळ धूळ खात पडली असती. कुठलंही वीजमंडळ असा खर्च करणार नाही.

आता ढोबळ गणित. नागझरीचा उतार धरला तर एक घनमीटर पाणी, म्हणजे आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी, खाली सोडल्यावर पाऊण युनिटापेक्षा थोडी जास्त वीज देते. एवढंसंच! पण सुप्यात अशा टाक्या किती मावतात? सुमारे ४१८ कोटी. त्यांचं गणित केलं तर तीनशे कोटी युनिटांच्या वर जातं. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर नागझरीची सहाही यंत्रं रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालवली तरी सुप्याचा भरलेला साठा जवळजवळ पाच महिने पुरेल. प्रत्यक्षात ती तशी चालवत नाहीत. संध्याकाळी मागणी चढते तेव्हा जास्त, मध्यरात्री कमी. त्यामुळे साठा पुढच्या पावसापर्यंत ओढता येतो.

याचा पुरावा पाहायला कागद उघडायची गरज नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दांडेलीला गेलेल्या मंडळींनी गणेशगुडीला राफ्टिंग केलं असेल. भर एप्रिलमध्ये नदीला एवढी धार कुठून? सुप्याच्या वीजघरातून सोडलेलं मागच्या पावसाळ्याचं पाणी ते. यंत्रं थांबली की धारही उतरते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: सुपा १०० मेगावॅटसाठी बुडालं नाही. पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवायला एक कोठार हवं होतं, त्या कोठारासाठी ते बुडालं. वीज झाली नागझरीला. नंतर कोडसळ्ळी आणि कद्रा आली, त्यांनाही याच कोठारातलं पाणी मिळतं. कैगा अणुवीज केंद्रात २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत. त्यांना थंड ठेवायचं पाणी कद्र्याच्या जलाशयातून जातं. म्हणजे तेही वरून नियमानं येणाऱ्या पाण्यावर विसंबून आहे.

शरावतीलाही हाच साचा दिसतो. लिंगनमक्कीच्या धरणात १५१ टीएमसी पाणी, पण धरणाच्या पायथ्याशी वीज फक्त ५५ मेगावॅट. खाली शरावतीच्या मुख्य वीजघरात आता १०३५ मेगावॅट. कोयनेतही धरण एकीकडे आणि मुख्य वीज घाटाखाली पोफळीच्या बाजूला. गाव जातं एका जागी आणि दिवा लागतो दुसऱ्या जागी. त्यामुळे विस्थापितांना आपण नेमके कशासाठी उठलो ते डोळ्यांनी कधी दिसत नाही.

नेमकं सुपाच का?

कोठार हवं हे मान्य, पण गाव टाळता आलं नसतं का? इथं नकाशा पाहावा लागतो. धरण बांधणारा माणूस अशी जागा शोधतो जिथं नदी अरुंद खिंडीतून जाते आणि खिंडीच्या मागे खोरं रुंद पसरलेलं असतं. भिंत आखूड, पाणी जास्त. सुपा धरणाची लांबी फक्त ३३२ मीटर आहे. एवढ्या छोट्या भिंतीमागे कोयनेपेक्षा जास्त पाणी अडतं, ते मागच्या रुंद खोऱ्यामुळे.

आणि गाव वसवणारा माणूस काय शोधतो? तोही तेच. दोन नद्यांचा संगम, बारमाही पाणी, भाताला सपाट जमीन, चारी बाजूंच्या वाटा एकत्र येतील अशी जागा. डोंगराळ तालुक्यात असं खोरं फार थोड्या ठिकाणी मिळतं. म्हणून तालुक्याचं ठाणं तिथं झालं, आणि म्हणूनच जलाशयही तिथंच आला. सुप्याचं दुर्दैव योगायोगानं आलेलं नव्हतं. ज्या गुणांनी गाव मोठं केलं त्याच गुणांनी ते बुडवलं. पश्चिम घाटातल्या बहुतेक धरणांची हीच कथा आहे.

भिंत बुटकी ठेवली असती तर गाव कदाचित वाचलं असतं. पण खोरं वर रुंदावत जातं, त्यामुळे सगळ्यात जास्त पाणी वरच्या थरात मावतं. उंची थोडी कमी केली तरी साठा फार घटला असता, आणि नागझरीचे महिने कमी झाले असते. महामंडळाच्या वहीत हा व्यवहार स्वच्छ होता. वहीत नव्हतं ते एवढंच, की तालुक्याचं गाव म्हणजे नुसती घरं मोजून संपणारी गोष्ट नाही. बाजार, देवळं, शाळा, मसणवट, शेजार आणि गावाच्या नावावरून पडलेली ओळख, यांना रकाना नव्हता.

शेजारच्या नदीवर वेगळं घडलं

असा रकाना मागता येतो, हे शेजारच्याच खोऱ्याने दाखवलं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्याच बेडती नदीवर महामंडळाने २१० मेगावॅटची योजना आखली होती. तिथल्या सुपारीच्या बागा पाण्याखाली जाणार होत्या. बागायतदारांनी नुसता विरोध केला नाही. १९८१ च्या सुरुवातीला त्यांच्या सहकारी संस्थेने शिरशीत शास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञांना बोलावून चर्चासत्र घेतलं. बुडणाऱ्या बागा, जंगल, मध, मिरी या सगळ्यांची किंमत धरली तर ही वीज खरंच स्वस्त पडते का, हा प्रश्न आकड्यांनिशी विचारला. बेडतीची योजना बारगळली.

सुप्याला हे जमलं नाही, यात सुप्याच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. काळीचं काम आधी सुरू झालं होतं. जंगल तोडायला केंद्राची परवानगी लागेल असा कायदा १९८० साली आला. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाचा अभ्यास आणि मंजुरी सक्तीची झाली ती १९९४ साली. सुप्याच्या वेळी विचारायला खिडकीच नव्हती. शिवाय बेडतीच्या बागायतदारांकडे संस्था होती, पैसा होता, शिकलेली माणसं होती. जंगलातल्या छोट्या शेतकऱ्याकडे आणि कुणब्याकडे यातलं काय होतं?

आज याचं काय

विजेची मागणी पुन्हा वाढते आहे. फरक असा की आता दिवसा सूर्याची वीज भरपूर असते. पावगड्याला दोन हजार मेगावॅटचं सौर उद्यान उभं आहे. अडचण येते संध्याकाळी. सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, गिझर लागतात. म्हणजे वीजमंडळाला पुन्हा कोठार हवं आहे. पूर्वी पावसाचं पाणी उन्हाळ्यासाठी ठेवायचं होतं, आता दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची आहे. त्यासाठी दुपारी पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं. शरावतीवर २००० मेगावॅटची अशी योजना महामंडळाने आखली आहे. तिथं वरचा आणि खालचा दोन्ही जलाशय आधीपासूनचेच वापरायचे आहेत, तरी जंगलावरून वाद चालू आहे.

घाटात अशा योजना आणखी येतील. त्या येतात तेव्हा वर्तमानपत्रात मेगावॅटचा आकडा छापून येतो आणि आपण त्यावरच बोलतो. सुप्याने मला शिकवलं ते असं, की मेगावॅटचा आकडा यंत्राचा असतो. आधी विचारायचं ते कोठाराचं: पाणी कुठं साठणार, किती उंचीपर्यंत, आणि त्या उंचीच्या खाली कोण राहतं.

सुप्याच्या बाबतीत ती उंची ५६४ मीटर. नकाशावर ती एक वाकडीतिकडी रेषा आहे. तिच्या आतल्या वाड्या, शेतं, पाणवठे, देवळं आणि वाटा यांची यादी करायचं काम मी हाती घेतलं आहे. रामनगर, जोयडा, दांडेली, लोंढा, खानापूर आणि बेळगावात सुप्याची घराणी विखुरलेली आहेत. 'मु. पो. सुपा' असा पत्ता असलेलं जुनं पाकीट, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, नुकसानभरपाईची नोटीस, बाजाराच्या दिवसाचा एखादा फोटो, काहीही चालेल. कागद नसेल तर शेताचं नाव तरी सांगा. कोणाच्या शेजारी कोण राहत होतं, एवढं सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि ते कुठल्याही सरकारी नकाशावर लिहिलेलं नाही.